रानवाटा आणि मोटारींची वर्दळ

जबलपूरजवळील खमरिया हे गाव दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे ओळखले जाते. जबलपूरच्याच वाहन कारखान्यात १९६९ पासून ‘जोंगा’ ही लष्करी मोटार तयार होऊ लागली. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असल्यामुळे चिखल, वाळू आणि खडकाळ चढ यांतून ती वाट काढीत असे. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. परंतु लष्कराने काढून टाकलेल्या जोंगा हौशी प्रवाशांनी विकत घेतल्या. युद्धासाठी घडविलेले सामर्थ्य अशा रीतीने करमणुकीच्या सेवेत आले.

एखादी मोटार रानात शिरली, तर फारसे बिघडत नाही असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः मऊ जमीन पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वाधिक दाबली जाते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, गवताची मुळे धरत नाहीत. पावसाळ्यात चाकोरीचीच घळ होते. मग पुढचा चालक ती घळ टाळून शेजारच्या हिरवळीवरून गाडी नेतो आणि वाट रुंदावत जाते. यात कोणा एकाचा दोष दाखविता येत नाही. हानी संख्येतून होते.

जबलपूरच्या आग्नेयेस कान्हाचे अरण्य आहे. तेथे गाड्या ठरलेल्या वाटांवरूनच फिरतात. म्हणून तेथील प्रश्न निराळा आहे. वाघ दिसल्याची वार्ता पसरताच सर्व गाड्या एकाच जागी धावतात. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी कान्हा व बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेचे नमुने तपासले. पर्यटनाच्या हंगामात ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना आढळले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

नियम नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर राखावयाचे असते; प्राण्याला घेरण्यास मनाई आहे. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

यावर अरण्ये सर्वस्वी बंद करणे हा सोपा उपाय वाटेल. परंतु मार्गदर्शक, चालक आणि खाणावळी चालविणारे गावकरी यांची चूल या पर्यटनावर पेटते. जंगल राखण्यात त्यांचे हित गुंतले आहे, हा संरक्षणाचा मोठा आधार होय. मात्र वाघ दाखविला तरच बक्षिसी मिळते, अशी रीत पडली की हाच आधार कमकुवत होतो. चालक नियमापेक्षा प्रवाशाच्या उतावीळपणाला मान देऊ लागतो. म्हणून गाड्यांच्या संख्येवर मर्यादा हवी, तशीच प्रवाशाच्या अपेक्षेवरही हवी. वाघ न दिसताही अरण्यातील सकाळ सार्थकी लागली असे मानणारा प्रवासी चालकाला नियम पाळण्याची मोकळीक देतो.