उठायचं कधी, काढायचं कधी

चि. ओंकार यास,


खात्यात चार हजार डॉलर जमलेत. ते काढून घ्यावेत की एक-दोन डॉलरच्या टेबलावर चढावं, असं तू विचारलंस. तुझ्याकडे न्यू जर्सीत पैशांवरचं ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे, आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली. तेव्हा खेळावं की नाही यावर इथून प्रवचन देत नाही. माझं म्हणणं एवढंच, की टेबलावरून उठणं आणि खात्यातून पैसे काढणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला त्या वेळच्या खेळावरून घ्यावा. दुसरा आधीच आकड्यांत लिहून ठेवावा आणि खेळ चालू असताना त्याला हात लावू नये.

कारण या खेळात नशिबाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. समज, आत्ताच्या पन्नास सेंट-एक डॉलरच्या टेबलावर तू दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड, म्हणजे पाच डॉलर, कमावतोस. ही चांगल्या खेळाडूची कमाई झाली. पण नो-लिमिटमध्ये १०० डावांमागचं प्रमाण विचलन ९० ब्लाइंड धरलं, तर दहा हजार डावांनंतर अपेक्षित नफा ५०० आणि प्रमाण विचलन ९०० होतं. म्हणजे उत्तम खेळूनही दहातून जवळजवळ तीनदा तू तोट्यात असशील, आणि तितक्याच डावांत एखादा कच्चा गडी खुशाल नफ्यात दिसेल. म्हणून तुझे चार हजार किती डावांत जमले हे कळल्याशिवाय त्यांना मी कौशल्याचा पुरावा मानणार नाही.

हाच हिशेब पुढे ने. एक बाय-इन म्हणजे १०० ब्लाइंड धरले, तर आत्ताच्या टेबलावर चार हजार म्हणजे ४० बाय-इन. ही कमाई टिकली तर सगळं बुडण्याची शक्यता एका टक्क्याच्या आत राहते. वरच्या टेबलावर तेच पैसे २० बाय-इन होतात आणि शक्यता आठ-साडेआठ टक्क्यांवर जाते. तिथले खेळाडू तरबेज निघाले आणि तुझी कमाई अडीच ब्लाइंडवर आली, तर तीच शक्यता २९ टक्के होते. ‘वीस बाय-इन पुरे’ असं सर्रास सांगतात. ते कोणत्या कमाईला पुरे, हे मात्र सांगत नाहीत. आणि कमाईच उणे असेल, तर कितीही मोठी रक्कम आज ना उद्या संपते.

तू म्हणशील, पैसे काढत राहिलो तर बँकरोल वाढणार कसा? शंका रास्त आहे. ठरलेल्या रकमेच्या वरचा प्रत्येक डॉलर काढून घेतलास आणि टेबलही कधी उतरला नाहीस, तर जिंकणारा खेळाडूसुद्धा कधीतरी पूर्ण बुडतो, कारण वाईट काळ पेलायला शिल्लक वाढलेलीच नसते. पण म्हणून सगळं तिथेच ठेवणंही शहाणपणाचं नाही. पोकरपटू क्रिस फर्ग्युसनने फुल टिल्ट पोकर या साइटवर शून्यापासून दहा हजार डॉलर उभे केले. कॅश गेमला एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, हा त्याचा नियम आजही सांगितला जातो. त्याच साइटवर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने कारवाई केली. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ३१ मार्चला कंपनी खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत होते सुमारे ६ कोटी. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळू लागले ते २०१४ मध्ये. ज्यांनी ५ टक्क्यांचा नियम काटेकोर पाळला, त्यांचेही पैसे अडकलेच. आज तुझ्याकडे नियमन कडक आहे, हे खरं. तरी स्क्रीनवरचा आकडा आणि आपल्या बँकेतली रक्कम यांत फरक राहतोच.

दुसरा आक्षेप सोपा आहे: जिंकत असताना उठावं, हे सगळेच सांगतात. पण पत्त्यांना तुझा मघाचा नफा ठाऊक नसतो. समोरचे कच्चे असतील आणि तुझं डोकं ताजं असेल, तर जिंकलास एवढ्यावरून उठायचं कारण नाही. हरण्याचं मात्र तसं नाही. स्मिथ, लेव्हेअर आणि कर्ट्झमन या अभ्यासकांनी मोठ्या रकमांच्या टेबलांवरचे डाव तपासून २००९ मध्ये दाखवलं, की मोठा फटका बसल्यावर मुरलेले खेळाडूही ढिलं खेळू लागतात. हरल्यावर बिघडतो तो आपला निर्णय. म्हणून तीन बाय-इन गेले की त्या दिवशी उठायचं, आणि भरपाईसाठी वरच्या टेबलावर तर मुळीच जायचं नाही.

तेव्हा आत्ता वर चढू नकोस. चार हजार ही रेघ धर. महिनाअखेरीस त्यावर जे असेल त्यातलं अर्धं बँकेत काढ. त्यातूनच कराचा वाटा बाजूला ठेव. उरलेलं अर्धं साठत आठ हजार झाले, की एक-दोनचा विचार कर. तीन हजारांखाली घसरलास तर मुकाट्याने खालच्या टेबलावर उतर. घरभाड्याचे पैसे यात कधीही घालायचे नाहीत. प्रत्येक बैठकीनंतर डाव किती आणि डॉलर किती, दोन्ही लिहून ठेव. निदान पन्नास हजार डावांचे आकडे जमेपर्यंत मी तुला चांगला खेळाडू म्हणणार नाही. तूही स्वतःला म्हणू नकोस.

तुझा,
मामा