सुपरहिरोंची टोळी पडद्यावर आणताना

मीरा रोडपासून नायगावपर्यंत मालिकांचे सेट पसरलेले असल्यामुळे भाईंदर पूर्वेच्या नवघर भागात सिनेमाच्या धंद्यातली मुलं बरीच राहतात. कोणी कॅमेऱ्याकडे असिस्टंट, कोणी कंटिन्युइटी सांभाळणारी. यातल्या पुष्कळांना खरं तर लिहायचं असतं, आणि हल्ली लिहायचं म्हटलं की डोळ्यासमोर सुपरहिरोंची टोळीच येते. ही कृती त्यांच्यासाठी आहे.

एकटा सुपरहिरो तुलनेनं सोपा. तो कोण, त्याला ताकद कुठून मिळाली आणि ती तो कशासाठी वापरतो, या तीन प्रश्नांत त्याची जन्मकथा संपते. चौघे आले की प्रश्न बारा होतात. सिनेमाची लांबी मात्र सव्वादोन तासच राहते. शिवाय तेरावा प्रश्न येतो: ही माणसं एकत्र का राहिली? माझ्या मते सिनेमा या तेराव्या प्रश्नाचाच असतो. बाकीचे बारा शक्य तितक्या लवकर उरकायचे असतात. पुढच्या पायऱ्या याच हिशेबानं लावल्या आहेत.

पहिलं काम कागदाचं. मूळ कथा कोणाची आहे ते बघा आणि हक्क लेखी घ्या. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत शाबूत आहे. कॉमिक असेल तर लेखक आणि चित्रकार दोघांनाही विचारावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नमूद नसल्यास ते परत जातात. हे शेवटचं कलम बहुतेकांना माहीत नसतं.

मुदतीचा धसका माणसाला काय करायला लावतो, याचं नामी उदाहरण ‘फँटास्टिक फोर’चं आहे. जर्मन निर्माते बर्न्ड आयशिंगर यांच्याकडचे हक्क १९९२च्या शेवटी संपणार होते. ते हातचे जाऊ नयेत म्हणून रॉजर कॉर्मन यांच्याबरोबर जेमतेम दहा लाख डॉलरच्या आसपास खर्चात, डिसेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात शूटिंग सुरू केलं गेलं. सिनेमा पूर्ण झाला, पण आजतागायत रीतसर प्रदर्शित झालेला नाही. नटांनी बिचाऱ्यांनी मनापासून काम केलं होतं.

हक्काची कटकट नको असेल तर इतिहासाकडे वळा. घटना कोणाच्या मालकीच्या नसतात. मात्र त्या घटनेवरची कादंबरी, आधुनिक भाषांतर किंवा आधीचा सिनेमा यांतली कल्पना उचलू नका. तुमचा स्वतःचा मसुदा तयार झाला की अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि मगच कोणाला वाचायला द्या.

आता मूळ कथा वाचा, आणि वाचताना एकच गोष्ट शोधा: टोळीतल्या प्रत्येकाला घरी जाता येत होतं आणि कोणीच गेलं नाही, तो क्षण. हीच कथेची गाठ. ती मूळ कथेत सापडली तर तिला हात लावू नका. सापडली नाही, तर तुमचं पहिलं काम ती बांधणं. ताकद कशी मिळाली, पोशाख कोणी शिवला, नाव कोणी ठेवलं, हे सगळं नंतर.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पन्हाळा १६६० साली आदिलशाहीकडे गेला. १६६६ मध्ये तो परत घेण्याचा प्रयत्न फसला. शेवटी मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून गडावर गेले आणि किल्ला घेतला. अण्णाजी दत्तो मदतीची फौज घेऊन खाली थांबले होते. जयराम पिंड्ये यांनी त्यावर संस्कृतात ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ लिहिलं. दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ हा २०१८चा सिनेमा याच मोहिमेवर आहे. इथे कोणाला आभाळातून ताकद मिळालेली नाही, तरी टोळीच्या सिनेमाला लागणारं सगळं आहे: अशक्य काम, मोजकी माणसं, आधीचं अपयश, एकच रात्र. साठच का, याचं उत्तरही भूगोलातच आहे; कड्यावरून आवाज न करता मोठी फौज चढत नाही. संख्या कमी असण्याचं असं सबळ कारण मिळालं की प्रेक्षक पुढचं सगळं मानतो. ‘जगाला तुम्हीच वाचवू शकता’ हे कारण नव्हे. ते कोणालाही सांगता येतं.

पण पडद्यावर साठ माणसं मावत नाहीत. माणशी दोन मिनिटं ओळख करून द्यायची म्हटली तरी दोन तास तिथेच गेले. म्हणून ‘फर्जंद’मध्येही मोजकेच चेहरे पुढे येतात, बाकीचे त्यांच्या मागे उभे राहतात. ही पुढची पायरी: डोकी कमी करा. वहीत प्रत्येक पात्रासमोर एकच वाक्य लिहा, ‘हा नसता तर काय अडलं असतं?’ ज्याच्यापुढे उत्तर सुचत नाही तो गाळा, नाहीतर दोन पात्रं एकत्र करा. ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या १९६३च्या पहिल्या अंकात आयर्न मॅन, थॉर आणि हल्क यांच्यासोबत अँट-मॅन आणि वास्प होते, कॅप्टन अमेरिका चौथ्या अंकात आला. २०१२च्या सिनेमानं अँट-मॅन आणि वास्प यांना वगळलं, कॅप्टनला सुरुवातीपासून घेतलं, आणि खलनायक लोकी मात्र तसाच ठेवला, कारण त्याच्यामुळेच टोळी जमते. चाहते काय म्हणतील ही भीती बाजूला ठेवा. तेराव्या प्रश्नाचं उत्तर शाबूत असेल तर चाहते पात्रांची अदलाबदल सोसतात.

त्याच सिनेमात गाठ कशी मारली आहे तेही बघण्यासारखं आहे. शत्रू ओळखीचा आहे, ताकद सगळ्यांकडे आहे, तरी अर्धा सिनेमा ही मंडळी एकमेकांशी भांडत राहतात. कोलसन नावाचा साधा, कसलीही ताकद नसलेला अधिकारी मारला जातो आणि मग ती एका बाजूला येतात.

डोळे कोणाचे, हे त्यानंतर ठरवा. सगळ्यांची गोष्ट सगळ्यांच्या नजरेनं सांगायला गेलात तर ती कोणाचीच राहत नाही. ‘एक्स-मेन’च्या १९६३च्या पहिल्या अंकात जीन ग्रे टोळीच्या शाळेत नव्यानं येते आणि तिच्याबरोबर आपणही आत शिरतो. २००० सालच्या सिनेमानं हीच युक्ती ठेवली, फक्त नवखी माणसं बदलली: रोग आणि वुल्व्हरिन. नवखा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा माहिती आपोआप बाहेर येते. ‘तुम्हाला ठाऊकच आहे की…’ असा संवाद तुमच्या वहीत असेल तर तुमच्या टोळीत नवखं कोणी नाही, असं खुशाल समजा.

काळ बदलायचा का? जरूर असेल तरच. पुस्तकांतला बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला शाळकरी पोरगा. आदित्य सरपोतदार यांच्या २०१७च्या सिनेमात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो आणि परीक्षेच्या गैरव्यवहारात अडकतो. काळ बदलला, पण त्याची नसती उठाठेव करण्याची खोड आणि ते ‘टॉक्’ तसंच राहिलं. भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांकडे देणं ही तर उत्तम कल्पना होती. उलट मूळ ‘फँटास्टिक फोर’ कॉमिकमधली घाई १९६१ची होती: गागारिन नुकताच अंतराळात जाऊन आला होता, म्हणून चौघे धोका पत्करून रॉकेट घेऊन निघतात. ती शर्यत संपल्यावर तेच रॉकेट उडवायला कारण उरत नाही. २०१५च्या सिनेमानं त्याऐवजी दुसऱ्या मितीत जाण्याचं यंत्र आणलं आणि जवळजवळ अर्धा वेळ प्रयोगशाळेत घालवला. २०२५च्या सिनेमानं साठचं दशकच ठेवलं आणि ताकद देणारा अपघात सुरुवातीच्या टीव्ही कार्यक्रमात काही मिनिटांत सांगून टाकला. मला हा निर्णय सर्वांत शहाणा वाटतो. गंमत म्हणजे मूळ अंकातही तसंच आहे. आधी आकाशात खूण उमटते, चौघे आपापल्या ताकदीनं धावत येतात, अपघात नंतर आठवणीत येतो.

एवढं वाचून झालं की सराव करा, आणि तो परक्या शहरावर न करता नवघरवर करा. समजा, आपली टोळी २६ जुलै २००५ला जमली. त्या दिवशी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जागच्या जागी थांबल्या. भाईंदरजवळ अडकलेल्या विरार लोकलमधून एक नर्स उतरते. रुळांवर तिला मासळीची रिकामी टोपली घेतलेली उत्तनची कोळीण भेटते. गाळ्यातून सुटलेला, स्टीलच्या भांड्यांना बफिंग करणारा कारागीर आणि मिठागरात हयात घालवलेला आगरी म्हातारा असे चौघे होतात. ताकद प्रत्येकाच्या कामातूनच वाढवा. म्हाताऱ्याला पाणी कुठून शिरणार ते कळतं, कारण बांधाच्या उघाड्या त्यानं आयुष्यभर उघडल्या-मिटल्या. कारागिराच्या हाताला कुठलाही धातू वश होतो, पण त्याच धातूची धूळ त्याच्या छातीत बसली आहे. ताकदीची किंमत ताकदीच्या शेजारीच असू द्या. कोळीण आणि नर्स तुम्ही रचा, तो गृहपाठ.

आता रचनेला भरतीचं घड्याळ लावा. त्या दिवशी भरती दुपारी चारच्या सुमारास होती. भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते, म्हणजे पुढची पहाटे साडेचारच्या आसपास. पहिल्या भरतीत ताकद मिळते. हे सगळं पहिल्या वीस पानांत संपवा (पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानानं एक मिनिट). रात्री दहाच्या ओहोटीला पाणी उतरतं आणि वाट मोकळी होते. प्रत्येकाला घरी जाता येतं. इथे इंटरवल. बघा, गाठ आपसूक हाती आली. संवादही फार लागत नाहीत:

कोळीण : चल बाय, पाणी उतरलं. तुझी आई वाट बघत असंल.
नर्स : आजोबा का नाही उठत?
म्हातारा : पहाटे परत येईल ते. बांधाला भोक पडलंय.
(कारागीर चपला काढून बाजूला ठेवतो.)

‘आपण एक टोळी आहोत’ असं कोणी म्हणत नाही. चपला काढल्या, एवढं पुरे. तुमच्या मसुद्यात ते वाक्य कुठेही असेल तर खोडा.

खलनायक शेवटी ठरवा, आणि तो असा निवडा की चौघांपैकी एकट्यादुकट्याला तो झेपणार नाही. बांध कोणी फोडला, कोणाच्या भरावासाठी, हा प्रश्न इथे पुरेसा आहे. त्याला अवकाशातून आणायची गरज नाही.

मग एका पानाची वनलाइन लिहा आणि सिनेमाच्या धंद्यात नसलेल्या तीन माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा. वाचून झाल्यावर ‘आवडली का?’ असं विचारू नका. ‘ती माणसं का थांबली?’ एवढंच विचारा. तिघांचं उत्तर साधारण सारखं आलं तर पटकथेला बसा. तिन्ही उत्तरं वेगळी आली तर पुन्हा गाठीकडे जा. ऐकणारा ताकदींबद्दलच बोलत राहिला, तरीही गाठीकडेच जा.

शेवटची पायरी रेकीची, आणि ती लिहून झाल्यावर नाही, लिहितानाच करा. जेसल पार्कच्या चौपाटीवरून खाडी आणि रेल्वेपूल दिसतात. उत्तनच्या बाजूला चौक गावाजवळ धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत त्याला मोठं महत्त्व होतं. मिठागरात पांढऱ्या राशी हव्या असतील तर पावसाळा सोडून, उन्हाळ्याच्या सुमारास जा. पावसात तिथे नुसतं पाणी असतं. कांदळवनात कॅमेरा लावायचा असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला, रुळांजवळ असेल तर रेल्वेला आधी विचारा. फोनवर भरतीचं कोष्टक मिळतंच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब पाठ ठेवा: तिथीला पाऊण पटीनं गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. भाईंदरच्या खाडीत ती थोडी उशिरा धरा आणि ट्रायपॉड बांधावरच उभा करा, चिखलात नको.