कॅरमेल : जळलेल्या साखरेचा इतिहास

नाताळच्या केकला जो गडद तपकिरी रंग व किंचित् कडवट अशी गोडी असते, ती पुष्कळ घरीं साखर मुद्दाम जाळून आणलेली असते. ह्या जळलेल्या साखरेसच कॅरमेल म्हणतात. हा पदार्थ प्रथम कोणीं शोधून काढला, असा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थी विचारतात. इ. स. १००० च्या सुमारास अरब लोकांनीं तो शोधला, असें विधान अनेक ठिकाणीं आढळतें, व त्यास आधार म्हणून 'कुरत अल् मिल्ह' हें अरबी नांव पुढें करण्यांत येतें. परंतु ह्या शब्दांचा सरळ अर्थ 'मिठाचा गोळा' असा आहे. साखरेचें त्यांत नांवही नाहीं! तेव्हां असल्या विधानावर विसंबण्यापूर्वीं वस्तुस्थितीचा थोडा विचार करणें युक्त होय.

साखरेच्या एका रेणूंत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ व ऑक्सिजनचे ११ परमाणु असतात. सुमारें १६० ते १७० सेंटिग्रेड अंशांपर्यंत ती तापविली असतां तिच्यांतील हायड्रोजन व ऑक्सिजन वाफेच्या रूपानें निघूं लागतात. रेणु मोडतात व निराळ्या रीतीनें पुन्हां जुळतात. रंग प्रथम पिवळसर, मग तांबूस व शेवटीं काळा होतो. भांडें वेळींच उतरलें नाहीं, तर केवळ कडू कोळसा उरतो. अर्थात् ज्या कोणाचा पाक चुलीवर अधिक वेळ राहिला असेल, त्यास कॅरमेल दिसलेंच असेल. म्हणून एकच संशोधक शोधीत बसणें व्यर्थ आहे. खरा प्रश्न असा कीं, मुद्दाम जाळण्याइतकी साखर मनुष्यास विपुल केव्हां झाली?

उसाची लागवड प्रथम न्यू गिनी बेटांत झाली. परंतु रसापासून रवाळ साखर करण्याची कला भारतांत उदय पावली. संस्कृत 'शर्करा' शब्दापासून फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर' व इंग्रजी 'शुगर' हे शब्द आले. 'खंड' शब्दाचा 'कँडी' झाला. इ. स. ६४७ मध्यें चीनच्या सम्राटानें ही कला शिकण्यासाठीं मगध देशीं दूत पाठविले होते. पुढें अरबांनीं ऊस मिसर, सिसिली व स्पेन येथवर नेला. तरीही मध्ययुगीन युरोपांत साखर ही औषधविक्यांच्या दुकानीं मसाल्यांच्या शेजारीं मिळणारी महाग वस्तु होती. 'कॅरमेल' हा शब्द स्पॅनिश 'कारामेलो' ह्यावरून फ्रेंच भाषेंत आला. त्याचें मूळ लॅटिन 'कालामुस्' म्हणजे बोरू ह्या शब्दांत असावें, असें कित्येक भाषापंडित मानतात. तसें असेल, तर आपल्या हातांतील 'कलम' व ही मिठाई एकाच कुळांतील ठरतात. कारण 'कलम' शब्दही ग्रीक 'कालामोस' पासून अरबीच्या वाटेनें आपणांकडे आला आहे.

इ. स. १४९३ मध्यें कोलंबसानें दुसऱ्या सफरींत ऊस अमेरिकेकडे नेला, आणि तेथून साखर स्वस्त होऊं लागली. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर झाली? अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठीं सुमारें सव्वा कोटि आफ्रिकन स्त्रीपुरुष जहाजांत कोंबण्यांत आले. त्यांतील फार मोठा भाग उसाच्या मळ्यांवर राबला. ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार १८०७ मध्यें व गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें बंद केली. त्यानंतर १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांसाठीं भारतांतून करारबद्ध मजूर जाऊं लागले. त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. इकडे जर्मनींत मार्गग्राफ ह्यानें १७४७ मध्यें बीटांत साखर असल्याचें सिद्ध केलें, व पुढील शतकांत बीटाचे कारखाने निघून साखर सर्वसामान्यांच्या घरीं पोहोंचली.

तेव्हां कोठें कॅरमेलच्या वड्या मुलांच्या हातीं आल्या. अमेरिकेंत मिल्टन हर्शी ह्यानें ताजें दूध घालून मऊ वड्या करण्याची रीत डेन्व्हर शहरीं शिकून घेतली, १८८६ मध्यें लँकेस्टर येथें कारखाना काढला, व १९०० मध्यें तो १० लक्ष डॉलरांस विकून आपलें लक्ष चॉकोलेटकडे वळविलें. ह्या दुधाच्या वड्यांचा रंग मात्र साखर जळल्यानें येत नाहीं. दुधांतील प्रथिनें व शर्करा ह्यांच्या संयोगानें तो मुख्यत्वें येतो. ह्या क्रियेचें वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार ह्यानें १९१२ मध्यें केलें.

विद्यार्थिमित्रहो, अमक्यानें अमुक वस्तु शोधिली, असें वाचनांत आलें म्हणजे ती वस्तु होण्यास कोणकोणाचे हात लागले, हेंही विचारावें. कॅरमेलच्या वडीमागें मगधांतील साखर करणारे आहेत, अरब व्यापारी आहेत, जर्मन रसायनशास्त्रज्ञ आहेत. आणि ज्यांस त्या गोडीचा वांटा क्वचितच मिळाला, असे मळ्यांवरील लक्षावधि मजूरही आहेत. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहींत. म्हणूनच इतिहास शिकणारानें त्यांची आठवण ठेविली पाहिजे.