जादूटोण्याचं पहिलं पुस्तक कोणतं?

प्रश्न : मी देवरीत बी.ए. करते. विक्का आणि जादूटोण्याबद्दल वाचायचंय. सुरुवात कुठून करू? घरचे घाबरतात. – एक वाचक, देवरी

उत्तर : आधी इतिहास वाच. रोनाल्ड हटन यांचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) जाडजूड आहे, पण विक्का हा विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये घडलेला धर्म आहे, हे ते पुराव्यांनिशी दाखवतं. ते वाचलं की ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ सांगणारी पुस्तकं ओळखता येतात. विधी समजून घ्यायचे तर स्कॉट कनिंगहॅम यांचं १९८८चं ‘विक्का’ सोप्या भाषेत आहे. त्यातला इतिहास मात्र प्रमाण मानू नकोस. वशीकरणाची हमी देणाऱ्या पुस्तिका घेऊच नकोस.

सोबत अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर यांचं ‘तिमिरातुनी तेजाकडे’ वाचच. विक्का मानणारे स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवतात. आपल्याकडे करणीचा आळ आलेल्या बाईला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन छळणं गुन्हा आहे : सहा महिने ते सात वर्षं कैद आणि दंड. वाचनावर बंदी नाही, हे घरी सांग. दाभोलकरांचं पुस्तक त्यांनाही वाचायला दे.