डांबर सोडायचं, तर खिशाला किती?

रविवारी पुण्याहून सासवडकडे किंवा पौडकडे सायकल काढायची, तर उजाडायच्या आत शहर सोडावं लागतं. आठ वाजले की रस्ता डंपरचा आणि सहलीच्या गाड्यांचा. म्हणून काही सायकलस्वार आता डांबर सोडून मुरमाच्या वाटा धरतात: पाणंद, शिवरस्ता, धरणामागच्या गावांना जोडणारा खडीचा रस्ता. डांबरावर ताशी २५ किलोमीटरने जाणारा माणूस इथे १५-१८ वर येतो. पण मागच्या हॉर्नकडे कान ठेवावा लागत नाही, सोबत्याशी गप्पा मारता येतात, आणि चाक कुठून काढायचं हे दर दहा हातांवर ठरवावं लागत असल्याने कंटाळा फिरकत नाही.

या आनंदाची किंमत दुकानात विचारलीत, तर उत्तर लाखात येतं. ॲल्युमिनियमची चौकट आणि तारेवर चालणारे डिस्क ब्रेक असलेली साधी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे अशा खडीच्या वाटांसाठीची सायकल, अंदाजे ६० ते ८० हजारांपासून सुरू होते. हायड्रॉलिक ब्रेक आणि बरे गिअर हवे असतील, तर सव्वा ते दोन लाख. कार्बनच्या सायकली अडीच लाखांच्या पुढे. त्यांचा विचार पहिल्या वर्षी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा दुकानदार जुनी किंमत सांगत असेल तर बिलावरचा दर बघा.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ साली २०० मैलांची खडीवरची शर्यत सुरू झाली, तिच्यामुळे खडीवर सायकल चालवण्याचा हा प्रकार गाजला. तेव्हा दुकानात ‘ग्रॅव्हल’ नावाची सायकल फारशी मिळतच नव्हती. लोक हाताशी होती ती सायकल घेऊन उतरले. आपणही तेच करावं. घरात हायब्रिड सायकल असेल, तर तिचं चाक बहुधा ७०० सी मापाचं, म्हणजे ग्रॅव्हल बाइकचंच असतं. फक्त टायर बदलायचे. ३८ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, मधोमध गुळगुळीत आणि कडेला गुठळ्या असलेले टायर अंदाजे अडीच ते पाच हजारांना एक मिळतात. घेण्याआधी चाक आणि चौकट यांच्यामधली जागा मोजा. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर उरायला हवेत, नाहीतर पहिल्याच चिखलात चाक जाम होईल. रोड बाइकमध्ये इतका रुंद टायर सहसा मावत नाही. पैसे घालवण्याआधी दुकानात बसवूनच बघा.

हवा हा यातला फुकटचा भाग, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला. अरुंद टायरमध्ये ९० पीएसआय भरायची सवय असलेले लोक ४० मिलिमीटरच्या टायरमध्येही दणकून हवा भरतात आणि मग मनगटं दुखतात म्हणून ग्लव्ह्ज बदलत बसतात. ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त, म्हणजे दगडावर आपटून ट्यूब चिमटणार नाही. मीटर असलेला उभा पंप दोन-अडीच हजारांचा आहे, तो आधी घ्या.

ट्यूबलेस करावं का? देशावर फिरणार असाल तर करावंच, आणि त्याचं कारण सराटे. पाणंदीवर सराटे आणि बाभळीचे काटे एकाच फेरीत ट्यूबची चाळण करतात. टेप, व्हॉल्व्ह आणि भोक बुजवणारं सीलंट मिळून दोन्ही चाकांना अंदाजे अडीच-तीन हजार खर्च येतो. मात्र रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसच्या लायकीचे हवेत. दुकानदार ‘होईल हो’ म्हणाला, तरी रिमवर काय छापलंय ते स्वतः वाचा. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं.

खरा खर्च पुढे आहे. मुरमाची धूळ तेलात मिसळली की साखळीला कानस लागल्यासारखी झीज होते. ही झीज मोजणारा चेन-चेकर चार-पाचशेला मिळतो. साखळी वेळेत बदलली तर दीड-दोन हजारांत भागतं. उशीर केला तर मागची दातेरी चक्रंही जातात आणि बिल दुपटी-तिपटीने वाढतं. ब्रेक पॅड पावसाळी चिखलात फार लवकर संपतात. साखळी, पॅड, सीलंट, दोन सर्व्हिसिंग आणि दोन वर्षं टिकणाऱ्या टायरचा निम्मा वाटा धरला, तर नियमित फिरणाऱ्याला वर्षाला दहा ते पंधरा हजार लागतात. दुकानात हा आकडा सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

यातले दोन-तीन हजार एका साध्या नियमाने वाचतात: पावसाळ्यात काळ्या मातीत शिरू नका. मुरूम पाणी पिऊन टाकतो. काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते आणि सायकल खांद्यावर घ्यायला लावते. वाट कोणाची आहे, हेही बघा: कालव्याच्या कडेची वाट पाटबंधारे खात्याची आणि जंगलातली वनखात्याची असते. फाटक बंद असेल किंवा मनाईची पाटी असेल, तर परत फिरा.

सेकंडहँड सायकल घेणार असाल, तर मूळ बिल मागा आणि त्यावरचा चौकटीचा क्रमांक जुळवून पाहा. मग सायकल उलटी करून खालच्या नळीवर दगड लागल्याच्या खुणा शोधा, चेन-चेकर लावा, आणि पेडलचा दांडा धरून आडवा हलवा. खडखडला, तर बेअरिंगचे दीड-दोन हजार किमतीतून कमी करायला सांगा.