सिस्टीम्स प्रोग्रॅमिंगला जायचंय? आधी मेमरीचा हिशेब शिका

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी एक दिवस घरी सांगते, ‘‘मला वेबसाइट-ॲप नाही करायचं. मला सिस्टीम्समध्ये जायचंय, सी आणि रस्ट शिकायचंय.’’ शेजारचा मुलगा जावा शिकून कॅम्पसमधून लागलेला असतो, त्यामुळे आईबाबांच्या पोटात गोळा येतो. तिकडे नोकऱ्या आहेत का? सी तर आमच्या काळातली, ती आता कशाला? पालकांचे हे प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते, पण ती पालकांनाही सहज कळेल अशी आहे.

कोणताही प्रोग्रॅम चालताना मेमरी मागतो, आणि काम झालं की ती परत करावी लागते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत मागणं आणि परत करणं दोन्ही प्रोग्रॅमरच्या गळ्यात असतं. परत करायची राहिली तर मेमरी भरत जाते. परत केल्यावर पुन्हा वापरली तर प्रोग्रॅम कोसळतो. कधी कोसळतही नाही, आणि ते जास्त वाईट, कारण हॅकरला दार उघडं राहतं. आपल्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या अशा गफलतींतून येतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे गार्बेज कलेक्शन: न लागणारी मेमरी भाषेची यंत्रणाच शोधून परत करते. जॉन मकार्थी यांनी तो १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी काढला. जावा, गो, सी शार्प याच उपायावर चालतात. सेल्फ सर्व्हिसच्या हॉटेलात आपलं ताट आपण उचलतो, तसं सीचं आहे. जिथे टेबल आवरायला माणूस फिरतो तिथे गिऱ्हाईक निर्धास्त असतं, पण तो माणूस नेमका कधी येणार हे गिऱ्हाइकाच्या हातात नसतं.

बहुतेक कामांना हे चालतं, आणि तसंच करावं. कॉलेजचं पोर्टल लिहिताना गार्बेज कलेक्शन टाळायचा हट्ट धरणं म्हणजे वेळ घालवणं. पण सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेमला एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात मधेच सफाईची फेरी आली की चित्र अडखळतं.

डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. कोणी कुठपर्यंतचे मेसेज वाचले याची नोंद ठेवणारी त्यांची एक सेवा गो भाषेत होती, आणि लाखो नोंदी मेमरीत धरलेल्या असत. गोचा नियम असा की फारसा कचरा साचला नसला तरी निदान दर दोन मिनिटांनी सफाईची एक फेरी व्हायचीच. त्या फेरीत सगळ्या नोंदी तपासल्या जात आणि दर दोन मिनिटांनी सेवा मंदावे. शेवटी त्यांनी ती रस्टमध्ये पुन्हा लिहिली आणि २०२० मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. रस्टमध्ये एखाद्या गोष्टीचा मालक संपला की तिची मेमरी तिथल्या तिथे परत जाते.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत असताना जेरार्ड होल्झमन यांनी दाखवलेला मार्ग आणखी कडक आहे. जिवाशी संबंध असलेल्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी २००६ मध्ये दहा नियम मांडले. त्यातला तिसरा असा: लागेल ती मेमरी सुरुवातीलाच घ्या, नंतर नवी मागू नका. म्हणजे गार्बेज कलेक्शन तर नाहीच, सीमधली रोजची मेमरी-मागणीसुद्धा नाही.

मुलांचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. गार्बेज कलेक्शन टाळायचं म्हणजे भाषाच बदलायची, असं नाही. वॉल्टर ब्राइट यांची डी ही सिस्टीम्सची भाषा आहे आणि तिच्यात गार्बेज कलेक्टरही आहे. तिथे फंक्शनवर ‘नोजीसी’ अशी खूण करता येते. मग त्या फंक्शनात कलेक्टरकडून कुठेही मेमरी मागितली, तर कम्पायलर प्रोग्रॅम नाकारतो. डीमध्ये सफाई आपोआप सुरू व्हायला नवी मेमरी मागण्याचंच निमित्त लागतं, त्यामुळे घाईच्या भागात मेमरी मागायचीच नाही, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. डीमध्ये नोकऱ्या थोड्या आहेत, पण ही शिस्त गोमध्ये आणि जावामध्येही कामी येते.

ती अंगी बाणवायला मी एक सराव सुचवतो. दहा लाख ओळींची फाइल घ्या आणि तिच्यातल्या सर्वांत लांब दहा ओळी छापा. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण प्रत्येक ओळीसाठी नवी मेमरी मागतात, म्हणजे दहा लाख मागण्या. सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवला की हा आकडा शेवटी समोरच येतो. आता लूपच्या बाहेर एकच बफर घ्या आणि प्रत्येक ओळ त्यातच वाचा. सर्वांत लांब दहा ओळींच्या यादीत ओळीची प्रत न ठेवता नुसता पॉइंटर ठेवलात, तर सीमध्ये दहाही जागी एकच ओळ छापली जाते, ती म्हणजे फाइलमधली शेवटची. दहाही पॉइंटर त्याच बफरकडे बोट दाखवत असतात, आणि कम्पायलर चकार शब्द काढत नाही. डीमध्ये फाइल ओळीओळीने वाचणाऱ्या ‘बायलाइन’मध्ये हाच सापळा आहे, म्हणून प्रत काढून देणारं ‘बायलाइनकॉपी’ तिथे वेगळं दिलंय. रस्टमध्ये हा प्रोग्रॅम कम्पाइलच होत नाही. बफर अजून कोणीतरी उसना घेतलाय, तोवर त्यात बदल करता येणार नाही, असं कम्पायलर नेमक्या ओळीवर बोट ठेवून सांगतो.

दुरुस्ती तिन्हीकडे सारखीच: जी ओळ यादीत शिरते, तिचीच प्रत काढायची. फाइलमधल्या लहानमोठ्या ओळींची सरमिसळ असेल तर अशा प्रती सरासरी सव्वाशेच्या आसपास निघतात. कुठे दहा लाख आणि कुठे सव्वाशे! पण ओळी लहानाकडून मोठ्याकडे लावलेल्या असतील तर पुन्हा दहा लाखांपर्यंत प्रती होऊ शकतात. मग दहा ओळींसाठी दहा बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवायचे आणि तेच फिरवून वापरायचे. जिला हे कोणी न सांगता सुचतं, ती या क्षेत्रात टिकेल असं मी पालकांना छातीठोकपणे सांगतो.

आता नोकऱ्यांचं. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम मोठं आहे. ब्रेक आणि इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरवर सी आणि सी प्लस प्लस चालतात, म्हणून ई अँड टीसीच्या मुलांनाही हे दार उघडं आहे. स्टोरेज आणि डेटाबेसच्या कामाची पुण्याला जुनी परंपरा आहे. मुंबईत शेअर बाजारासाठी जलद व्यवहारांच्या प्रणाली लिहिणाऱ्यांना मायक्रोसेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली. तरी माझा सल्ला आधी सी, मग रस्ट असाच आहे, कारण फक्त रस्ट येणाऱ्या नवख्यांसाठी आपल्याकडे जागा अजून थोड्या आहेत.

मात्र पालकांनी धीर धरायला हवा. कॅम्पसवर एका दमात शेकडो मुलं घेणाऱ्या कंपन्या हे काम क्वचितच देतात, त्यामुळे पहिली नोकरी उशिरा लागू शकते. तेवढ्यावरून मुलीची शेजारच्याशी तुलना करू नका. पदवीनंतर आणखी तयारी हवी असेल तर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम बघा. त्याचा प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. सी, डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय पक्के असले की त्या परीक्षेच्या तयारीला मदत होते. ‘कोड तर आता एआयच लिहिणार’ ही भीतीही पालक बोलून दाखवतात. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये मेमरी कोण घेतंय आणि कोण परत करतंय हे तपासणारं माणूस लागतंच, आणि ते तपासायला वरचा हिशेब यावा लागतो.

महागड्या क्लासची किंवा नव्या लॅपटॉपची इथे गरज नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. जीसीसी, व्हॅलग्राइंड आणि रस्टचा कम्पायलर, सगळं फुकट मिळतं. खर्च करायचाच असेल तर काही शे रुपयांचा रास्पबेरी पाय पिको बोर्ड आणून द्या. त्यावर मेमरी अवघी २६४ किलोबाइट, आणि तापमान मोजायचा सेन्सर चिपमध्येच आहे. दर सेकंदाला तापमान नोंदवणारा, सुरुवातीनंतर एकदाही नवी मेमरी न मागणारा आणि आठवडाभर बंद न पडणारा प्रोग्रॅम तिला त्यावर लिहू द्या, आणि इंटरव्ह्यूला जाताना तोच कोड बरोबर न्यायला सांगा.