सैल कवळीला मिनी इम्प्लांटचा आधार

वृद्ध रुग्ण ‘जेवण जात नाही’ म्हणतो, तेव्हा त्याची खालची कवळी कशी बसते, हेही विचारावे. वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो. खालचीला अरुंद हिरडी आणि सतत हलणारी जीभ यांच्याशी झगडावे लागते. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजते, त्यामुळे नवी कवळीही कालांतराने सैल होते. मग भाकरी सुटते, चारचौघांत जेवणेही टाळले जाते.

अशा वेळी मिनी इम्प्लांट उपयोगी पडतात. टायटॅनियम मिश्रधातूचे, ३ मि.मी.हून कमी व्यासाचे हे स्क्रू खालच्या जबड्याच्या पुढील भागात सामान्यतः ४ बसवतात. प्रत्येकाच्या माथ्यावरील गोल घुंडी कवळीतील रबरी कडीत टिचबटणासारखी अडकते. कवळी काढता-घालता येते. पण बोलता-जेवताना सहसा उचलली जात नाही. हाड अरुंद असले, तरी पुष्कळदा अस्थिरोपण टळते आणि स्थानिक भुलेखाली काम होते.

मात्र निवड काटेकोर हवी. हाडाची उंची व घनता क्ष-किरणांनी तपासावी. वरच्या जबड्याचे हाड मऊ असल्याने तेथे अधिक सावधगिरी बाळगावी. अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब चालू असल्यास जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका संभवतो. म्हणून फॅमिली डॉक्टरांनी ही माहिती दंतवैद्यांना आधीच कळवावी.

रात्री कवळी काढून ठेवावी, घुंड्यांभोवती रोज ब्रश फिरवावा आणि झिजलेल्या कड्या वेळीच बदलून घ्याव्यात. एवढी निगा राखल्यास सुटलेली भाकरी पुन्हा ताटात येऊ शकते.